एमबीए करण्याआधी वरिष्ठांना विचारायचा प्रश्न

प्रश्न: मी ३९ वर्षांची आहे. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका बहुराष्ट्रीय कंपनीत १५ वर्षं काम करते आहे. सध्या सहा देशांमधल्या रेग्युलेटरी मंजुऱ्या, म्हणजे उपकरण विकायला नियामकांकडून लागणाऱ्या परवानग्या मिळवणं, माझ्याकडे आहे आणि हाताखाली ११ जणांची टीम आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे बिझनेस हेडची जागा रिकामी झाली. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी कनिष्ठ असलेल्या, विक्रीतल्या सहकाऱ्याला मिळाली. कारण विचारलं तर वरिष्ठ म्हणाले, ‘तुमचं काम उत्तमच आहे, पण स्ट्रॅटेजिक बाजू कमी पडते. एक्झिक्युटिव्ह एमबीए करून टाका.’ कंपनी अर्धी फी भरेल, बदल्यात तीन वर्षं नोकरी न सोडण्याचा बॉन्ड. माझ्यापुढे दोन अभ्यासक्रम आहेत. एक शनिवार-रविवारचा, घराजवळचा. दुसरा वेगवेगळ्या देशांत आठवड्या-आठवड्याची मॉड्यूल असलेला आणि बराच महागडा. मुलगा आठ वर्षांचा आहे, नवऱ्याचा पाठिंबा आहे. या पदवीमुळे मी खरंच जागतिक पातळीवरच्या नेतृत्वापर्यंत पोचेन का? की दोन वर्षं आणि एवढा पैसा घालवून पुन्हा याच खुर्चीत येऊन बसेन? आणि आता उशीर तर झाला नाही ना? शेवटचं, अर्जाच्या निबंधात त्या हुकलेल्या बढतीबद्दल लिहावं का?

उत्तर: वयाचं आधी सांगते, कारण तो प्रश्न लवकर मिटतो. शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये पहिला एक्झिक्युटिव्ह एमबीए सुरू केला तोच मुळी नोकरीत मुरलेल्या, जबाबदारीच्या पदावर बसलेल्या लोकांसाठी. आजही या वर्गांमधलं सरासरी वय पस्तिशीच्या पुढेच असतं. तुम्ही वर्गात वयाने मधोमध असाल. उशीर वगैरे काही झालेला नाही.

तुमच्या पत्रात मला खटकलं ते वरिष्ठांचं वाक्य. ‘करून टाका’ म्हणाले, पण केल्यावर काय, हे काही ते बोलले नाहीत. आणि तुम्हीही विचारलेलं दिसत नाही. या पदवीचा तुम्हाला किती उपयोग होईल, हे त्या न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरणार आहे. संस्थेच्या नावावर त्यामानाने फार कमी. आधी कोणती जागा हवी ते ठरवा, त्या जागेसाठी तुमच्यात नेमकं काय कमी आहे ते वरिष्ठांकडून वदवून घ्या आणि मग फॉर्म भरा. याच्या उलट क्रमाने गेलेल्या कितीतरी हुशार बायका मी पाहिल्या आहेत. पदवीदान झालं, फोटो निघाले, अभिनंदनाचे मेसेज आले आणि सोमवारी सकाळी त्या त्याच टेबलाशी त्याच फायली उघडून बसल्या.

त्या कुठे कमी पडल्या असं नाही. कॅटलिस्ट ही संस्था १९६२ पासून नोकरदार स्त्रियांच्या वाटचालीचा अभ्यास करते आहे. तिच्या २०१२ च्या एका अहवालात नामांकित बिझनेस स्कूलमधून एमबीए झालेल्या स्त्री-पुरुषांना पुढे कोणती कामं मिळाली, याची तुलना होती. पदवी दोघांकडेही होती. तरी पुरुषांच्या वाट्याला आलेल्या प्रकल्पांचं बजेट मोठं, टीम मोठी आणि वरच्या मंडळींची नजरही त्यांच्यावर जास्त. परदेशातल्या नेमणुकाही त्यांनाच जास्त मिळाल्या होत्या. पदवीने पात्रता सारखी झाली, कामाची वाटणी मात्र सारखी झाली नाही. आणि नोकरीत माणूस वाढतो तो हातात आलेल्या कामामुळे.

म्हणून जागेबद्दल नीट बोलू या. ज्याच्या नावावर नफ्या-तोट्याचा हिशेब असतो, म्हणजे ऑफिसच्या भाषेत ज्याच्याकडे पी अँड एल असतं, असा माणूस कंपनीत एका बाजूला असतो. रेग्युलेटरी, एचआर, कायदा, दर्जा, जनसंपर्क ही कामं दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या बाजूच्या लोकांशिवाय कंपनी एक दिवस चालणार नाही. तरी सीईओ शोधायची वेळ आली की संचालक मंडळ पहिल्या बाजूला पाहतं. स्त्रिया मोठ्या संख्येने दुसऱ्या बाजूला आहेत, तिथे अगदी वरपर्यंत पोचतात आणि तिथेच थांबतात. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या, म्हणजे फॉर्च्युन ५०० यादीतल्या कंपन्यांमधलं स्त्री सीईओंचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर जायला २०२३ साल उजाडावं लागलं, त्यामागे हेही एक मोठं कारण आहे.

तुम्हाला गेल्या वर्षी जी जागा मिळाली नाही ती पी अँड एलची होती. ती हवी होती म्हणूनच तुम्ही दुखावलात. पण एकदा शांतपणे स्वतःला विचारा, पुढची दहा वर्षं तेच हवंय का? कारण रेग्युलेटरी विभागाची जागतिक प्रमुख हेही मोठं आणि मानाचं पद आहे. ते हवं असेल तर या पदवीची फारशी गरज नाही, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगते. तिथे जायला मुख्यालयात दोन-तीन वर्षांची नेमणूक, मोठ्या बाजारपेठांमधल्या नियामकांशी थेट कामाचा अनुभव आणि एखादं अवघड उपकरण मंजूर करून आणल्याचं नाव, एवढं पुरतं. त्यात दोन वर्षांची फी आणि दोन वर्षांचे शनिवार-रविवार घालू नका. बाजू बदलायची असेल, तर मात्र ही पदवी तुमच्या कामाची आहे.

जनरल मोटर्स या अमेरिकी मोटार कंपनीच्या सीईओ मेरी बारा यांची वाटचाल पाहण्यासारखी आहे. त्या १९८० मध्ये, अठराव्या वर्षी याच कंपनीत शिकता शिकता काम करायला लागल्या. पुढे कंपनीच्याच फेलोशिपवर स्टॅनफर्डला जाऊन त्यांनी १९९० मध्ये एमबीए केलं. तो पूर्णवेळ अभ्यासक्रम होता, पण फी भरणारी कंपनी आणि शिकून परत येणारी कर्मचारी, ही मांडणी तुमच्यासारखीच. त्या सीईओ झाल्या २०१४ मध्ये. मधल्या जवळजवळ पाव शतकात त्यांनी एक अख्खा कारखाना चालवला, जागतिक उत्पादन सांभाळलं, मग एचआर आणि मग नव्या गाड्यांच्या विकासाचं काम पाहिलं. स्टॅनफर्डनंतर कंपनीने त्यांना एकामागून एक अशी कामं दिली, ज्यांचा निकाल आकड्यांत दिसतो. याला अपवाद नाही असं नाही. लीना नायर १९९२ मध्ये एक्सएलआरआय या जमशेदपूरच्या मॅनेजमेंट संस्थेतून बाहेर पडल्या, एचआरमध्येच वाढल्या, युनिलिव्हरच्या एचआर प्रमुख झाल्या आणि २०२२ मध्ये शॅनेल या फ्रेंच फॅशन कंपनीच्या जागतिक सीईओ. पण सुरुवातीची वर्षं त्यांनी कारखान्यांमध्ये काढली होती आणि पुढे जगभर पसरलेल्या मनुष्यबळाची जबाबदारी पेलली होती. त्यांच्यासारखं घडू शकतं, पण त्यावर भिस्त ठेवून बेत आखू नये.

मग वर्गात नक्की मिळतं काय? तुमच्या बाबतीत सर्वांत मोलाचं मिळेल ते स्वतःचं काम पैशाच्या भाषेत मांडण्याचं बळ. एक उदाहरण तुमच्याच टेबलावरचं घेते.

समजा, एका निर्जंतुक उपकरणाची मंजुरी दोन देशांत दहा आठवडे लांबली. आज तुमच्या अहवालात काय असेल? अर्ज कधी दाखल केला, नियामकांचे शेरे कोणते, उत्तर कधी गेलं, पुढची तारीख कोणती. सगळं बिनचूक. पण बिझनेस हेड ते वाचून फाइल मिटतो, कारण त्यात त्याने ठरवावं असं काहीच नाही. आता हीच गोष्ट फायनान्सच्या तासाला उघडा. उपकरणाची मुदत २४ महिन्यांची आहे आणि रुग्णालयं १२ महिन्यांपेक्षा कमी मुदत उरलेला माल घेत नाहीत. म्हणजे तयार झालेला माल विकायला हातात ५२ आठवडे. त्यातले दहा मंजुरीची वाट पाहण्यात गेले, जवळजवळ पाचवा हिस्सा. त्या मालात अडकलेला पैसा किती, त्यावर व्याज किती, मुदतीमुळे शेवटी किती माल टाकून द्यावा लागेल आणि तेवढ्या वेळात प्रतिस्पर्ध्याने कोणतं टेंडर नेलं, हे चार आकडे मांडले की प्रश्न बदलतो. कारखान्याने पहिली खेप मंजुरीच्या आधी किती करायची? अर्ज आधी कोणत्या देशात टाकायचा? तुम्हाला माहीतच आहे की काही देश दुसऱ्या मोठ्या नियामकाची मंजुरी ग्राह्य धरून आपली प्रक्रिया छोटी करतात. म्हणजे अर्जांचा क्रम बदलला की सहा देशांतल्या विक्रीचं वेळापत्रक बदलतं.

हीच स्ट्रॅटेजी. तुम्ही ती रोज करता आहात, फक्त ती मीटिंगमध्ये तारखांच्या रूपात पोचते. युरोपात मे २०२१ पासून वैद्यकीय उपकरणांचे नवे नियम लागू झाले, तेव्हा कोणती उपकरणं नव्याने प्रमाणित करायची आणि कोणती बाजारातून काढून घ्यायची, हा निर्णय कंपन्यांना घ्यावा लागला. त्यासाठी लागणारी माहिती बव्हंशी तुमच्यासारख्या लोकांकडे होती. ज्या ठिकाणी रेग्युलेटरीवाल्यांनी ‘एवढा खर्च, एवढा महसूल, म्हणून हे ठेवा आणि हे सोडा’ असं मांडलं असेल, तिथे ते निर्णयाचे धनी झाले असतील. बाकीच्या ठिकाणी निर्णय दुसऱ्यांनी घेतला आणि कागदपत्रं यांनी केली.

ही भाषा शिकण्यासाठी दोन वर्षं लागतातच का, असं तुमच्या मनात येईल. हिशेबाचं तंत्र तीन-चार महिन्यांत येतं. वेळ लागतो तो सवयीला. अनोळखी उद्योगाचा ताळेबंद समोर आला की घाबरून न जाता पाच मिनिटांत त्यात कुठे दुखतंय ते शोधणं, भरल्या वर्गात आपलं मत खोडलं गेलं तरी पुन्हा बोलणं, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेऊन त्याच्या मागे उभं राहणं. तुमच्या कामात तर अपुऱ्या माहितीवर पाऊल टाकणं हा गुन्हाच समजला जातो! १५ वर्षांची ती शिस्त उत्तम आहे, पण बिझनेस हेडला रोज ती मोडावी लागते. ही सवय पुस्तकाने लागत नाही, वारंवार करूनच लागते.

वर्गातल्या एका सापळ्याबद्दल आताच सावध करते. या अभ्यासक्रमांत पाच-सहा जणांचे गट पाडतात आणि अर्धं शिक्षण त्या गटात होतं. बाई गटात आली की बहुतेक वेळा काम कसं वाटलं जातं? वेळापत्रक तिने आखायचं, सगळ्यांचं लिखाण एकत्र करून भाषा नीट करायची, स्लाइड देखण्या करायच्या. ती ते उत्तम करते, सगळे वाखाणतात आणि दोन वर्षांनी ती आयोजनात आणखी तरबेज होऊन बाहेर पडते. तुम्ही पहिल्याच बैठकीत सांगा की कंपनीच्या मूल्यांकनाचं एक्सेल मॉडेल मी करणार. चुकेल, गटातला बँकवाला दुरुस्त करेल, पुढच्या वेळी कमी चुकेल. शिकायला आलात ते हेच. आणि नियमनाचा विषय निघेल तेव्हा मोह आवरा. तिथे तुम्ही चमकाल हे नक्की, पण त्यातून तुम्हाला नवं काही मिळणार नाही.

शेवटच्या सत्रातला प्रकल्प शक्य असेल तर स्वतःच्या कंपनीवर करा, आणि स्वतःच्या विभागावर मुळीच करू नका. माझ्या परिचयातल्या एका बाईंनी असंच केलं. त्या दर्जा नियंत्रणात होत्या. प्रकल्पासाठी त्यांनी कंपनीचा एक तोट्यातला, कोणी न विचारणारा छोटा विभाग निवडला, तिथल्या प्रमुखाला आपला ‘ग्राहक’ व्हायला राजी केलं आणि सहा महिने त्याचे आकडे, त्याचे वितरक, त्याच्या किमती अभ्यासल्या. प्रकल्प सादर केला तेव्हा समोर प्राध्यापकांबरोबर कंपनीचे फायनान्स प्रमुखही बसले होते, कारण बाईंनी त्यांना आवर्जून बोलावलं होतं. प्रश्नोत्तरं लांबली. फायनान्स प्रमुखांनी विचारलं, ‘हे तुम्ही करून दाखवाल का?’ वर्षभरात तो विभाग बाईंकडे आला. छोटा होता, तोट्यात होता, पण त्याचा हिशेब त्यांच्या नावावर होता.

ओळखींबद्दल एक अभ्यास तुम्हाला सांगायलाच हवा. यांग, चावला आणि उझ्झी या तीन संशोधकांनी २०१९ मध्ये एका अमेरिकी बिझनेस स्कूलच्या माजी विद्यार्थ्यांचे ईमेलचे जाळे तपासले आणि त्यांना पुढे किती वरच्या नोकऱ्या मिळाल्या ते पाहिलं. पुरुषांना मोठ्या, सगळीकडे पोचणाऱ्या ओळखींचा फायदा झाला. स्त्रियांनाही त्याचा फायदा झाला, पण सर्वांत वरच्या जागा ज्यांना मिळाल्या, त्यांच्याकडे त्याखेरीज जवळच्या दोन-तीन स्त्रियांचं एक घट्ट वर्तुळही होतं. शिवाय त्या मैत्रिणींच्या ओळखी एकमेकींहून वेगळ्या होत्या. कारण साधं आहे. अमुक कंपनीत बाईला खरंच निर्णय घेऊ देतात का, अमुक शहरात नेमणूक झाली तर काय सोसावं लागतं, पगाराची बोलणी किती ताणावी, ही माहिती जाहिरातीत नसते आणि पुरुष सहकाऱ्यांना ती बहुधा ठाऊकच नसते. या वर्गांत स्त्रिया अजूनही कमी असतात. म्हणून त्या सगळ्यांचा एकच गट करून बसू नका, पण वेगवेगळ्या उद्योगांतल्या दोघी-तिघी जिवाभावाच्या जोडा. पदवीनंतर दहा वर्षांनी तुम्ही फोन उचलाल तो त्यांच्यासाठी.

आता पुन्हा ऑफिसात येते, कारण खरी लढाई तिथे आहे. हर्मिनिया इबारा या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक गोष्ट दाखवून दिली होती: स्त्रियांना सल्ला देणारे मेंटॉर भरपूर मिळतात, पण बंद दाराआड आपलं वजन खर्च करून ‘ही जागा हिला द्या’ म्हणणारे स्पॉन्सर मिळत नाहीत. तुमचे वरिष्ठ आज मेंटॉरच्या भूमिकेत आहेत. ‘एमबीए करा’ हा सल्ला झाला, आणि सल्ला द्यायला त्यांना काहीच मोजावं लागलं नाही. फॉर्म भरण्याआधी त्यांच्याकडे वेळ मागा आणि साधारण असं विचारा: ‘मी हा अभ्यासक्रम घेते आहे तो पी अँड एलची जबाबदारी घेण्यासाठी. पहिलं वर्ष संपेपर्यंत तुम्ही मला कोणतं असं काम द्याल, ज्यात महसुलाचा आकडा माझ्या नावावर असेल? आणि पुढची जागा निघेल तेव्हा माझं नाव त्या खोलीत कोण घेईल?’

आवाज चढवू नका, गेल्या वर्षीचा विषय काढू नका. बोल्स, बॅबकॉक आणि लाय या संशोधकांच्या २००७ च्या प्रयोगांत दिसलं होतं की पगारासाठी घासाघीस केली की स्त्रियांबद्दल समोरच्याचं मत पुरुषांपेक्षा जास्त बिघडतं. हा अन्याय आहे आणि तुम्ही एकट्याने तो मीटिंगमध्ये संपवू शकणार नाही. म्हणून मागणी कंपनीच्या कामाशी बांधून ठेवा. ‘तुम्ही माझ्या फीचे अर्धे पैसे घालता आहात, ते वसूल कसे होतील यावर बोलू या,’ असं म्हटलं की त्यांना टाळणं अवघड जातं. उत्तरात एखादं छोटं उत्पादन, एखादा छोटा देश, एखादी नवी सेवा असं ठोस काही आलं, तर ही पदवी निर्धास्त करा. ‘आधी पूर्ण करा, मग बघू’ असं आलं, तरी पदवी करा, पण कंपनीचा पैसा आणि तो बॉन्ड घेऊ नका. निदान तीन वर्षांचा तरी नको. कारण मग तुमची पुढची जागा या कंपनीत नाही, आणि वर्गातले लोक, संस्थेचं करिअर ऑफिस यांचा उपयोग तुम्हाला बाहेर पडण्यासाठी करायचा आहे.

बॉन्ड घेतलाच तर कागद नीट वाचा. तीन वर्षं कधीपासून मोजणार, प्रवेशापासून की पदवीपासून? कंपनीनेच तुम्हाला कमी केलं तर फी परत द्यावी लागणार का? याच समूहाच्या दुसऱ्या देशातल्या कंपनीत बदली झाली तर ती नोकरी सोडली असं धरणार का? शेवटचा मुद्दा तुमच्यासारख्या जागतिक वाटेवर निघालेल्या बाईसाठी फार महत्त्वाचा आहे. तोंडी आश्वासनावर राहू नका, लेखी घ्या.

दोन अभ्यासक्रमांपैकी कोणता? अनेक देशांत भरणाऱ्या वर्गांची मला मनापासून ओढ आहे. इन्सियाड ही बिझनेस स्कूल फ्रान्समधलं फाँतेनब्लो, सिंगापूर आणि अबुधाबी इथे शिकवते. ट्रायम या अभ्यासक्रमासाठी न्यूयॉर्क विद्यापीठाचं स्टर्न, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि पॅरिसचं एचईसी एकत्र आले आहेत. अमेरिकेतलं केलॉग आणि हाँगकाँगचं एचकेयूएसटी हे विद्यापीठ १९९८ पासून एकत्र चालवतात तो अभ्यासक्रमही नावाजलेला आहे. ज्याने आपल्या देशाबाहेर कधी काम केलेलं नाही, त्याच्यासाठी हे वर्ग डोळे उघडणारे असतात. पण तुम्ही सहा देशांच्या नियामकांशी रोज बोलता. परदेशाची ओळख ही तुमची उणीव नाही, पैशाची जबाबदारी ही आहे. म्हणून सध्याच्याच कंपनीत बाजू बदलायची असेल तर मी घराजवळचा निवडेन. कंपनी किंवा देश बदलायचा विचार असेल, तर महागडा योग्य ठरू शकतो, पण ज्या भागात जायचंय तिथले लोक त्या वर्गात भरपूर असतील तरच.

जवळच्या संस्थेला एएसीएसबी, ईक्विस किंवा अँबा या बिझनेस स्कूलसाठीच्या आंतरराष्ट्रीय मान्यतांपैकी निदान एक आहे का ते पाहा. परदेशी कंपनीतल्या एचआरला संस्थेचं नाव माहीत नसलं तरी ही नावं माहीत असतात. रँकिंगवर फार वेळ घालवू नका. त्याऐवजी प्रवेश कार्यालयाला सांगा की चार-पाच वर्षांपूर्वी पास झालेल्या दोन स्त्रियांशी बोलायचं आहे. त्यांना पगार किती वाढला ते विचारू नका. आधी काय काम करत होतात आणि आता काय करता, एवढंच विचारा. आधी एचआर आणि आता मोठं एचआर असं उत्तर दोघींकडूनही आलं, तर ती संस्था बाजू बदलायला फारशी मदत करत नाही असं समजा.

घराबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, मीही फार लिहीत नाही. नवऱ्याचा पाठिंबा आहे ही मोठी गोष्ट आहे, पण पाठिंबा आणि जबाबदारी यांत फरक असतो. वर्गाचं वेळापत्रक हातात आलं की मुलाच्या परीक्षा, डॉक्टर, पालकसभा यांच्यासह ते दोघांच्या कॅलेंडरवर टाका आणि त्या शनिवार-रविवारी घर पूर्णपणे नवऱ्याचं. मुलाला काय खायला द्यायचं आणि गृहपाठ झाला का, हे विचारायला तुम्हाला वर्गात फोन येता कामा नये. आठ वर्षांच्या मुलाला आई शिकते आहे हे नीट कळतं, त्याला अभ्यासाचं टेबल अर्धं दिलंत तर ते आवडेलही.

प्रवेश परीक्षेचा बाऊ करू नका. बऱ्याच संस्था आता अनुभवी लोकांसाठी बनवलेली एक्झिक्युटिव्ह असेसमेंट स्वीकारतात. दीड तासाची, ४० प्रश्नांची परीक्षा आहे. तुम्ही गणित सोडून बरीच वर्षं झाली असतील, तर तेवढ्या भागाला सहा-आठ आठवडे द्या.

आणि निबंधाबद्दल विचारलंत. हुकलेल्या बढतीबद्दल लिहा, तीन वाक्यांत. जागा कोणती होती, ती न मिळाल्यावर तुमच्या कामात नफ्या-तोट्याचा भाग नव्हता हे तुमच्या कसं लक्षात आलं, आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत. ज्याला ती जागा मिळाली त्याच्याबद्दल एक शब्दही नको. तिसऱ्या वाक्यात लिहायला आज काही नसेल, तर फॉर्मची तारीख यायच्या आत तुमच्याकडच्या एखाद्या लांबलेल्या मंजुरीचे, वर सांगितले तसे चार आकडे काढा आणि पुढच्या आढावा बैठकीत मांडा. मग ते वाक्य तिथूनच घ्या.